साडेसात जितलांचा गहू

देवगिरीच्या रामदेवरावाकडून १२९६ साली लुटून नेलेल्या संपत्तीच्या बळावर अल्लाउद्दीन खलजीने दिल्लीचे तख्त मिळविले, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच सुलतानाने पुढे दिल्लीच्या बाजारात जो प्रयोग केला, त्याकडे मात्र आपले लक्ष क्वचितच जाते. दुकानदारांची चढाओढ बंद करून सरकारनेच भाव बांधला, तर गिऱ्हाइकाचे काय होते? याचे याहून बोलके उदाहरण आमच्या तरी पाहण्यात नाही.

मंगोलांच्या स्वाऱ्या परतविण्यास मोठी फौज हवी होती. थोड्या पगारात तिचे भागावे म्हणून धान्याची धारण उतरविणे प्राप्त झाले, असे झियाउद्दीन बरनी ‘तारीख-इ-फिरोजशाही’त सांगतो. त्याने निरखही दिले आहेत: मणाला गहू साडेसात जितल, जव चार, हरभरा पाच, तांदूळ पाच. (तो मण आपल्या वाडवडिलांच्या मणाहून बराच लहान होता.)

नुसत्या हुकमाने भाव उतरत नाहीत, हे सुलतान जाणून होता. दोआबातील खालसा मुलखाचा सारा धान्यरूपाने घेऊन त्याने दिल्लीची कोठारे भरली. धान्य वाहणाऱ्या तांड्यांस बायकामुलांसह यमुनाकाठी वसविले. साठेबाजीस बंदी झाली आणि मलिक कबूल मंडईचा शहना झाला. बाजाराची खबर तीन निरनिराळ्या वाटांनी सुलतानाकडे जाई. तेव्हा एकाला लाच देऊन भागण्यासारखे नव्हते. लहान गुलाम पोरांस पैसे देऊन खाऊ आणावयास धाडावे आणि त्यांनी आणलेला जिन्नस तोलून पाहावा, ही तर नामीच युक्ती! वजन जितके कमी भरे तितके मांस दुकानदाराच्या अंगचे कापीत, असे बरनी लिहितो. वाचून अंगावर शहारे येतात. आणि खरे सांगावयाचे तर, तागडीला दांडी मारणाऱ्याशी ज्याची गाठ पडली आहे त्याला क्षणभर बरेही वाटते.

अवर्षणातही दिल्लीत भाव चढले नाहीत, याचे बरनीला मोठे नवल वाटते. अशा वेळी मोहल्ल्यामोहल्ल्यातील वाण्यांस रोजचे धान्य मोजून मिळे. पुढे शेख नसीरुद्दीन चिराग-इ-दिल्ली यांच्या बैठकींतही त्या स्वस्ताईची आठवण निघे. गिऱ्हाइकाचा लाभ खरा होता, यात आम्हांस शंका नाही.

पण तो आला कोठून? दुकानदारांच्या चढाओढीत माल स्वस्त होतो तो बहुधा दुकानदाराच्या नफ्याला कात्री लागून. येथे दोआबातील शेतकऱ्याचे अर्धे पीक साऱ्यात जाई, आणि उरलेल्यातले घरापुरते ठेवून बाकीचे त्याला शेतावरच, सरकारी भावाने, तांडेवाल्यांस विकावे लागे. दिल्लीची स्वस्ताई त्याच्या कणगीतून निघालेली होती.

१३१६ साली सुलतान वारला. कुतुबुद्दीन मुबारकशहाच्या कारकीर्दीत नियम ढिले पडले आणि दुकानदार मन मानेल त्या भावाने विकू लागले, अशी नोंद बरनीने केली आहे. बरनी अमीर घराण्यातला, दिल्लीच्या दरबारात वावरलेला. दोआबातल्या कुणब्याने त्या वर्षांचा आपला हिशेब कोठे लिहून ठेवलेला नाही.