चाक परकं, रूळ घरचे

मागच्या शनिवारी माझ्या लेगोच्या वाफेच्या इंजिनाची बारकी चाकं काढली आणि तिथे दुसऱ्याच कोणी बनवलेली मोठी चाकं बसवली. मित्र बघत होता. म्हणाला, "म्हणजे हे आता लेगो राहिलं नाही!" त्याला उत्तर द्यायला गेलो आणि थेट १९६६ सालात जाऊन पोचलो.

तर मंडळी, डेन्मार्कमधल्या बिलुंडच्या या कंपनीने त्या साली विजेवर पळणारी गाडी बाजारात आणली. निळे रूळ, साडेचार व्होल्टची बॅटरी. १९६९ मध्ये बारा व्होल्ट आले, १९८० मध्ये रूळ करडे झाले आणि १९९१ मध्ये आली नऊ व्होल्टची गाडी. हौशी लोकांचा जीव अडकला तो हिच्यात. रुळांवरच धातूची पट्टी, वीज तिथूनच चाकांत. इंजिनात बॅटरीचा डबा कोंबायला नको, त्यामुळे आतली जागा मोकळी. मग काय हवं ते बांधा!

पण २००६ मध्ये प्लॅस्टिकचे रूळ आणि बॅटरीवरची रिमोटची गाडी आली आणि २००७ मध्ये कंपनीने नऊ व्होल्ट बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्यांनी खोली भरून धातूचे रूळ जमवले होते, त्यांचं काय झालं असेल? आपल्या धंद्यात याला 'सपोर्ट संपला' म्हणतात. पुढे २००९ मध्ये पॉवर फंक्शन्स, २०१८ मध्ये ब्लूटूथवाली पॉवर्ड अप. प्रत्येक वेळी आधीची मोटर अडगळीत.

गंमत अशी की या सगळ्यात दोन गोष्टी बदलल्या नाहीत. दोन रुळांमधलं अंतर आणि ठोकळ्यावरच्या दोन गोट्यांमधलं आठ मिलिमीटरचं अंतर. वरचं सगळं मोडलं, पण खालचा इंटरफेस तसाच! ठोकळ्याचं १९५८ चं पेटंटही केव्हाच संपलेलं. हा आकारच आमचा ट्रेडमार्क, असा कंपनीचा दावा होता. तो युरोपियन युनियनच्या न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळला, कारण हा आकार ठोकळे एकमेकांत बसावेत म्हणून आहे, ओळख म्हणून नाही.

म्हणजे मापं सगळ्यांना माहीत आणि दार उघडं. नऊ व्होल्टच्या काळात वाफेचं इंजिन बांधलं की धिप्पाड माणसाने पोराच्या चपला घातल्यासारखं दिसायचं. अमेरिकेतल्या बिग बेन ब्रिक्सने मोठी चाकं बनवून विकायला सुरुवात केली. कंपनीने स्वतः मोठी चाकं दिली ती नंतर, २००९ च्या 'एमराल्ड नाइट'मध्ये. धातूचे रूळ कंपनीने पुन्हा काढलेच नाहीत. ते एफएक्स ब्रिक्ससारख्या बाहेरच्यांनी नव्याने बनवले. बंद पडलेली गाडी ज्यांनी चालू ठेवली, त्यांना 'डुप्लिकेट' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. (चोरून हुबेहूब सेट विकणारे वेगळे. त्यांची वकिली मी करत नाही.)

असो. माझं इंजिन. मोठी चाकं लावली की कंपनीचं वळण आडवं येतं, कारण त्याची त्रिज्या जेमतेम ३२ सेंटिमीटर. सहा चाकांच्या सहाही कडा रुळाला घासतात आणि इंजिन उतरतं. उपाय खऱ्या रेल्वेतलाच, मधली जोडी बिनकडेची लावायची. दुसरी भानगड दांड्यांची. डाव्या आणि उजव्या बाजूचे दांडे एकाच वेळी टोकाला आले तर चाकं अडकतात, म्हणून दोन बाजूंत पाव फेरीचा फरक ठेवावा लागतो. खऱ्या कारखान्यात हे मोजूनमापून करायचं काम. लेगोचा आस अधिकच्या चिन्हासारखा, चाक चारच प्रकारे बसतं. एक घर फिरवलं की झाले नव्वद अंश!

रात्री साडेअकराला इंजिन वळणावरून न उतरता गेलं. मित्र काही बोलला नाही, फक्त म्हणाला, "परत फिरव." मागे चार डबे जोडले की मात्र चाकं जागच्या जागी घसरतात. पुढच्या शनिवारी वजन वाढवून बघतो.