कमाटीबागेत झाडं बघायला जायचं तर

बडोद्याच्या मराठी घरात "बागेत जाऊन येतो" म्हटलं की कुठल्या बागेत, हे कुणी विचारत नाही. कागदोपत्री नाव सयाजीबाग, आपल्या तोंडी कमाटीबाग. वाघ बघायला, छोट्या आगगाडीत बसायला, फुलांच्या घड्याळापुढे फोटो काढायला आपण तिथे शेकडो वेळा गेलोय. पण झाडं बघायला किती जण गेलोत? या फाल्गुनात आम्ही घरचे सात जण नेमके त्यासाठी जाणार आहोत. तयारी करताना थोडा इतिहास चाळावा लागला, तो इथे मांडतेय.

बाग 1879 ची. सयाजीराव महाराजांनी बांधली असं आपण म्हणतो आणि ते बरोबरच आहे, पण तेव्हा महाराज होते जेमतेम सोळा वर्षांचे. जन्म 1863 चा, नाशिककडच्या कवळाण्याचा. 1875 मध्ये मल्हाररावांना गादीवरून उतरवलं आणि हा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक येऊन सयाजीराव झाला. पूर्ण अधिकार हातात आले ते 1881 च्या डिसेंबरात. मधल्या काळात राज्य चालवलं दिवाण सर टी. माधवरावांनी. तेही आपलेच, म्हणजे तंजावरकडचे मराठी. जन्म कुंभकोणमचा. त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी करून इथे आले आणि विस्कटलेला जमाखर्च त्यांनी रुळावर आणला. पैशापैशाचा हिशेब चाललेला असताना विश्वामित्रीच्या काठावरची एवढी मोठी जागा, शंभरावर एकर, सगळ्या रयतेला खुल्या बागेसाठी काढली गेली. माझ्या मते बागेच्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच. राजांच्या बागा सगळीकडे असतात. लक्ष्मीविलासची बाग आखायला विल्यम गोल्डरिंग हा विलायती माणूस आणला होता, आणि ती सुंदरच आहे. पण तिथे आपले पणजोबा डबा घेऊन बसू शकत नव्हते.

पुढे महाराजांनी या बागेचं जे केलं ते फक्त फिरायला जागा म्हणून नव्हे. 1887 ते 1894 मध्ये तिथे म्युझियमची इमारत उभी राहिली, प्राणी ठेवले गेले, नंतर चित्रसंग्रहालय आलं. आणि 1893 मध्ये त्यांनी गुस्ताव हर्मन क्रुंबीगल या जर्मन माणसाला बडोदा संस्थानच्या वनस्पती-उद्यानांचा प्रमुख नेमला. मूळचा ड्रेस्डेनजवळचा, लंडनच्या क्यू गार्डनमध्ये काम केलेला. पंधरा वर्षं तो बडोद्याच्या नोकरीत होता. 1908 मध्ये म्हैसूर संस्थानने त्याला नेलं, तिथे त्याने लालबाग सांभाळली, आणि 1956 मध्ये बंगळूरलाच वारला. आळीपाळीने फुलणारी झाडं लावून बारा महिने कुठला ना कुठला रस्ता फुललेला ठेवायचा, ही बंगळूरची ख्याती त्याच्याच नावावर सांगतात.

माझी मुलगी बंगळूरला असते. लालबागेजवळच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. दहा वर्षांच्या नातवाला ते पाठ, आणि हा माणूस आधी आपल्या आजीच्या गावी होता म्हटल्यावर त्याला खरंच वाटेना. खरं तर बडोद्यात तरी किती जणांना माहीत आहे? आपल्याकडे राजवाडा कुणी बांधला ते मुलंही सांगतील, मँट आणि चिझम. झाडं कुणी लावली म्हटलं की सगळे गप्प.

वृक्षोद्यान म्हणजे काय, हे नातीला समजावताना मला एक सोपी ओळख सापडली: जिथे झाड सावलीसाठी नसतं, ओळख करून घेण्यासाठी असतं. आणि इथेच आमची गाडी अडते. आमच्या घरात झाडांची मराठी नावं धड येणारी एकच व्यक्ती उरली आहे, माझी आत्या. वय अठ्ठ्याऐंशी. मी स्वतः दांडिया बाजारात वाढले, शाळा गुजराती. त्यामुळे चिंच मला आमली म्हणूनच आधी कळली, शेवगा सरगवो म्हणून, बहावा गरमाळो म्हणून. पळस घरात पळस, पण अंगणाबाहेर खाखरो, आणि धुळवडीच्या रंगाची त्याची फुलं तर केसूडांच. घरच्यासारखी खिरणी कुणी म्हणत नाही, बाजारात रायणच मागायची. काटेसावर म्हणजे शीमळो, हे मला गेल्या महिन्यात आत्याने सांगितलं तेव्हा कळलं. गोरखचिंचेला इथे रूखडो म्हणतात. आफ्रिकेतून आलेलं झाड, बडोद्यात आणि आसपास त्याचे जुने लठ्ठ बुंधे आहेत, पण आमच्या जावयांना फक्त बाओबाब माहीत.

सगळ्यात गंमत आसोपालवची. गुजराती दारावर त्याचं तोरण, आपल्या दारावर आंब्याचं. आम्ही बडोदेकर पाडव्याला दोन्ही बांधतो. पण मराठीत त्यालाच अशोक म्हणायची सवय झाली आहे, आणि तो अशोक नव्हे. खरा अशोक वेगळा, केशरी-लाल गुच्छांचा, सीतेचा अशोक म्हणतात तो. आत्या यावर फार कडक आहे. "अगं, सीता त्या खांबासारख्या झाडाखाली बसली असती तर उन्हाने काळी पडली असती," असं तिचं म्हणणं.

माझ्या मुलीला ही नावं ना मराठीत येतात ना गुजरातीत. नातवंडांचं तर विचारूच नका. आत्याचे गुडघे संपलेत, ऐकू कमी येतं, पण नजर शाबूत आहे आणि पान हातात दिलं की ती नाव सांगते. पुढच्या फाल्गुनावर ढकलायला मन धजत नाही.

म्हणून आता बेताकडे वळते.

दिवस फाल्गुनातला ठरवला, कारण सावर आणि पळस तेव्हा फुलतात आणि ऊन अजून सोसवतं. बहावा बघायचा असेल तर वैशाखात पुन्हा यावं लागेल, सकाळी सातच्या आत. पावसाळ्याचा विचारच नको. विश्वामित्री बागेतूनच जाते, आणि 2019 च्या जुलैअखेरीस आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये तिने काय केलं ते आपण पाहिलंय. शिवाय नदीत मगरी आहेत. मुलांना काठाशी जाऊ द्यायचं नाही, हा नियम माझ्या आजोबांच्या काळापासून आहे.

स्टेशनहून येणाऱ्यांना काळ्या घोड्याच्या बाजूचं दार जवळ. आत्यासाठी चाकाची खुर्ची भाड्याने घेतली आहे. मुख्य रस्ते सपाट आहेत, आडवाटांवर ती ढकलत नाही, तिथली पानं तिच्यापर्यंत आणायची. पडलेलीच, तोडायची नाहीत. म्युझियम आणि प्राणी त्या दिवशी वर्ज्य. देवमाशाचा सांगाडा आणि मिसरची ममी दिसली की मुलं तिथून हलणार नाहीत, आणि मग झाडं राहिलीच. मुलांनी तह केला आहे: आगगाडीची एक फेरी, तीही शेवटी. युनिव्हर्सिटीच्या वनस्पतिशास्त्र विभागाची बाग जवळच आहे, पण ती शिकवण्यासाठीची. तिथे जायचं तर आधी विचारून जावं.

एक जाड वही घेतली आहे. रकाने तीन: मराठी, गुजराती, आणि शास्त्रीय नाव. पहिला आत्याचा, दुसरा माझा, तिसरा नातीचा, ती फोनवर शोधणार. सयाजीरावांनी राज्यकारभारातले शब्द आठ भाषांत जुळवून 1931 मध्ये 'श्री सयाजी शासन कल्पतरु' हा कोश काढवला होता. आपल्याला तीन रकाने भरायला काय हरकत आहे? नातू म्हणाला कानडी पण घालूया. घातला चौथा रकाना.

पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर यांना वहीत वेगळं पान आहे. एक दक्षिण अमेरिकेचा, दुसरा मादागास्करचा. आपल्यासारखेच बाहेरून येऊन रुजलेले, असं लिहायचा मोह झाला होता. आत्या म्हणाली, आपण गायकवाडांबरोबर घोड्यावरून आलो, ते कुंडीतून आले, उगाच नातं जोडू नकोस.

इथपर्यंत आलोच आहोत तर वडाचंही सांगते. राष्ट्रकूटांच्या 812 सालच्या ताम्रपटात या गावाचं नाव वटपद्रक आहे. म्हणून पहिली नोंद वडाचीच करायची, मग दारातून शिरताना समोर लिंब येवो नाहीतर आसोपालव.

फिरून झालं की शेव-उसळ. आत्याला तर्री कमी.

तुमच्यापैकी कुणाकडे बागेतले जुने कौटुंबिक फोटो असतील तर माणसांच्या मागे कुठलं झाड दिसतंय ते एकदा नीट बघा. फोटोच्या पाठीवर साल लिहिलेलं असेल तर फारच उत्तम. बँडस्टँडच्या आसपासचे असतील तर मला आधी पाठवा. आत्या म्हणते तिथे तिच्या लहानपणी एक कवठ होतं, आणि ती जागा तिला त्या दिवशी दाखवायची आहे.