आधी नाडी, मग निकाल



जत्रांचे दिवस आले की आपल्याकडे घाटात बैलगाडे सुटतात. पुणे भागात तर गाड्यापुढे घोडी पळते. गाडा कोणाचा पहिला आला, हे संध्याकाळपर्यंत गावभर होतं. पण दमून घरी आलेल्या घोडीला पाणी दाखवायचं, तिची लीद काढायची, हे काम बहुतेक घरांत बाईकडेच असतं. म्हणून आज घोड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यतींचा इतिहास सांगते. घोड्याच्या शरीराचं काय होतं, हे माणसाला कसं आणि कोणत्या किमतीला कळलं, त्याचा हा इतिहास आहे.

१८९२ सालच्या ऑक्टोबरात जर्मनी आणि ऑस्ट्रिया या दोन देशांच्या लष्करी अधिकाऱ्यांनी पैज लावली. जर्मनांनी बर्लिनहून व्हिएन्नाला जायचं, ऑस्ट्रियनांनी व्हिएन्नाहून बर्लिनला. अंतर सुमारे ५८० किलोमीटर, आणि जो कमी वेळात पोचेल तो जिंकला. काउंट श्टारहेम्बर्ग हा ऑस्ट्रियन स्वार साधारण ७१ तासांत, म्हणजे तीन दिवसही पुरते न घेता पोचला. त्याच्या घोड्याचं नाव अॅथोस. स्वाराला बक्षीस मिळालं आणि घोडा थोड्याच वेळात मेला. जर्मनांमध्ये पहिला आलेल्या स्वाराची घोडीही मेली. वाटेत आणि नंतर आणखी कितीतरी घोडे गेले.

एवढं होऊनही दहा वर्षांनी, १९०२ मध्ये, बेल्जियममध्ये ब्रुसेल्स ते ओस्टेंड अशी १३० किलोमीटरच्या आसपासची लष्करी शर्यत झाली. साठेक घोडे निघाले, निम्म्याहून कमी पोचले आणि पंधराच्या वर दगावले. तेव्हा मात्र लोक संतापले.

आता तुम्ही विचाराल, घोडा एवढा ताकदवान, मग तो धावून मरतो कसा?

घोड्याचं काळीज उभ्या जागी मिनिटाला ३० ते ४० ठोके देतं. जोरात पळताना तेच दोनशेच्या वर जातं. शिवाय त्याची प्लीहा म्हणजे रक्ताचं कोठारच. पळायला लागला की ती आवळते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. म्हणून तो आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पळू शकतो.

पण पळणाऱ्या स्नायूंत उष्णता तयार होते, ती बाहेर टाकायला घाम लागतो. घोड्याचा घाम उन्हात तासाला दहा लिटरच्या वर जाऊ शकतो. आणि इथे खरी मेख आहे. आपला घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. त्यामुळे घाम गेला की रक्त खारट होतं आणि आपल्याला तहान लागते. घोड्याच्या घामात मीठ भरपूर जातं. पाणी आणि मीठ दोन्ही बरोबरच गेल्यामुळे शरीराला तहानेची खूण मिळत नाही. घोडा आतून सुकत जातो, पण बादली पुढे केली तरी तोंड फिरवतो. बघणाऱ्याला वाटतं, याला पाणी नकोय.

त्यात पळताना रक्त पायांकडे आणि कातडीकडे जातं, आतड्यांना कमी पडतं. आतडी थंडावतात, पोटशूळ उठतो. मांड्यांचे स्नायू दगडासारखे होतात, लघवी चहाच्या रंगाची येते. पायामागच्या शिरा ताणून सुजतात. यातलं बरंचसं शर्यत संपल्यावर दिसतं. अॅथोसचंही तेच झालं. तो शर्यत पूर्ण करून मेला.

खरा बदल आला अमेरिकेत. १९५५ साली कॅलिफोर्नियात वेंडेल रोबी आणि त्यांच्या काही साथीदारांनी डोंगरवाटेने १०० मैल, म्हणजे १६० किलोमीटर, एका दिवसात पार केले. पुढे ती दरवर्षीची शर्यत झाली, टेव्हिस कप. प्राणिप्रेमींनी आक्षेप घेतले, वाद झाले. त्यातून वाटेतल्या थांब्यांवर पशुवैद्य उभे राहिले. ठोके ठरलेल्या आकड्यापर्यंत, आजकाल साधारण ६० ते ६४ पर्यंत, उतरले नाहीत तर पुढे जायचं नाही. लंगडला तर बाद. स्वार कितीही मोठा असो, हुकूम नाडीचा.

१९६४ पासून तिथे हॅगिन कप नावाचं दुसरं बक्षीसही सुरू झालं. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी सगळ्यात तंदुरुस्त कोण, हे दुसऱ्या दिवशी तपासून ते देतात. ज्युली सूर नावाच्या बाईंनी ही शर्यत २२ वेळा पूर्ण केली आणि हॅगिन कप तीनदा मिळवला. मला त्यांचे हे तीन कप जास्त मोलाचे वाटतात.

आणखी एक गैरसमज याच इतिहासात मोडला. तापलेल्या घोड्यावर गार पाणी टाकलं की तो आखडतो, असं जगभर मानत. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकआधी शास्त्रज्ञांनी दमट उकाड्यात याचा अभ्यास केला. गार पाणी भरपूर ओतत राहिलं की घोडा लवकर निवतो आणि स्नायूंना अपाय होत नाही, हे दिसून आलं.

मैत्रिणींनो, यासाठी यंत्र लागत नाही. जबड्याखालच्या शिरेवर बोट ठेवा, १५ सेकंद ठोके मोजा, चारने गुणा. पळून अर्धा तास झाला तरी साठच्या वर असतील तर डॉक्टरांना बोलवा. खांद्यावरची कातडी चिमटीत धरून सोडा, ती लगेच सपाट झाली पाहिजे. हिरडी दाबा, पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. कुशीला कान लावा. गुडगुड ऐकू आली तर बरं, सगळं शांत असेल तर धोका. पाणी हाताशी ठेवा, मिठाचा खडा चाटायला द्या, पण धाप चालू असताना चंदीचा तोबरा बांधू नका. स्नायू कडक झाले असतील तर तिला चालवू नका.

आणि घरात घोडी जत्रेला न्यायची बोलणी निघाली, तर हे सगळं आधी बोला. कालपासून ती नीट खात नाही, लीद कोरडी येते, हे तुम्हालाच आधी कळलेलं असतं. टेव्हिस कपात अशा गोष्टी बघायला पशुवैद्य नेमावे लागतात, आणि ते नाही म्हणाले की शर्यत तिथेच थांबते. आपल्या गोठ्यात तेवढाच मान तुमच्या शब्दाला मिळायला हवा.