मफिनची साठवण

मफिनची साठवण म्हणजे घरी भाजलेल्या मफिनांचा मऊपणा, चव आणि खाण्यायोग्यता शक्य तितका काळ टिकवून ठेवण्याची पद्धत होय. मैदा, साखर, अंडी, दूध आणि तेल किंवा लोणी यांचे मिश्रण कपाच्या आकाराच्या साच्यात भाजून केलेल्या केकसदृश लहान पदार्थाला मफिन म्हणतात. साधे घरगुती मफिन हवाबंद डब्यात सामान्य तापमानाला सुमारे दोन ते तीन दिवस, तर फ्रीझरमध्ये -१८° सेल्सियस तापमानाला दोन ते तीन महिने चांगल्या स्थितीत राहतात. या दोहोंच्या मधला वाटणारा पर्याय म्हणजे फ्रिज. परंतु तेथे बुरशी उशिरा धरली तरी मफिन लवकर कडक होतात. शिळे होणे आणि खराब होणे या दोन स्वतंत्र प्रक्रिया असून एकीला रोखणारा उपाय दुसरीला रोखतोच असे नाही, हे त्यामागील कारण आहे.

इंग्लंडमध्ये मफिन हे नाव यीस्टने फुगवून तव्यावर भाजलेल्या चपट्या पावालाही दिले जाते. हा लेख बेकिंग पावडरने फुगवलेल्या, अमेरिकन पद्धतीच्या गोड मफिनांविषयी आहे. भारतातील बेकऱ्यांमध्ये व घरांमध्ये मफिन या नावाने हाच प्रकार ओळखला जातो.

शिळेपणाचे कारण

शिळा पदार्थ म्हणजे वाळलेला पदार्थ, ही समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ जाँ-बाप्तिस्त बुसिंगो याने १८५२ मध्ये दाखवून दिले की, पाण्याचा अंश अजिबात बाहेर जाऊ दिला नाही तरीही पाव शिळा होतो आणि तो पुन्हा सुमारे ६०° सेल्सियसपर्यंत तापवल्यास ताज्यासारखा मऊ होतो. नुसते वाळणे हेच कारण असते, तर पाणी न घालता केवळ उष्णतेने मऊपणा परत आला नसता.

खरे कारण मैद्यातील स्टार्चमध्ये आहे. भट्टीत स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात आणि त्यांची मूळची घट्ट रचना मोडते; पदार्थाचा गर मऊ होतो तो यामुळे. पदार्थ थंड होताच स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांजवळ येऊन स्फटिकासारखी शिस्तबद्ध रचना करू लागतात. अमायलोज हा सरळ साखळीचा घटक काही तासांतच स्थिरावतो. कापण्याजोगा घट्टपणा येण्यास तो कारणीभूत असल्याने त्याचा फायदाच होतो. अमायलोपेक्टिन या फांद्याफांद्यांच्या घटकाचे स्फटिकीकरण मात्र पुढे कित्येक दिवस चालू राहते आणि गर कडक, भुसभुशीत व बेचव करते. पावात ही क्रिया गोठणबिंदूच्या किंचित वरच्या तापमानाला, म्हणजे नेमकी फ्रिजमधील तापमानाला, सर्वाधिक वेगाने घडते. मफिनमध्ये साखर आणि स्निग्धांश बरेच असल्याने तिचा वेग पावापेक्षा कमी असतो. मात्र ती थांबत नाही.

याच्या जोडीला मफिनच्या आतल्या आत पाण्याचे स्थलांतर होते. भट्टीतून काढताना वरचे कवच कोरडे व गर ओलसर असतो. डबा बंद असला तरी गरातील पाणी हळूहळू कवचाकडे सरकते. परिणामी दुसऱ्या दिवशी कवचाचा खुसखुशीतपणा जातो आणि गर किंचित कोरडा लागतो. मफिनवर साखर-लोण्याचा चुरा पसरलेला असल्यास तो चुराही असाच ओला होतो. डबा उघडा ठेवल्यास कवच टिकते, पण सगळा मफिन वाळतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत.

बुरशी आणि अन्नसुरक्षा

भट्टीतील उष्णतेने बुरशीचे बीजाणू मरतात. घरगुती मफिनवर दिसणारी बुरशी जवळजवळ नेहमी भाजल्यानंतर हवेतून, हातांतून किंवा अस्वच्छ डब्यातून आलेली असते. भाजल्यानंतरची स्वच्छता त्यामुळे मिश्रण करतानाच्या स्वच्छतेइतकीच महत्त्वाची ठरते. बॅसिलस गटातील काही जिवाणूंचे बीजाणू मात्र भट्टीतूनही वाचू शकतात. उष्ण व दमट हवेत ते वाढले, तर गर चिकट होऊन त्याला तार सुटते आणि अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. कारखान्यात तयार होणाऱ्या पावात व केकमध्ये बुरशी आणि तार टाळण्यासाठी कॅल्शियम प्रोपिओनेटसारखे परिरक्षक घालतात. घरगुती मफिनमध्ये असा कोणताही आधार नसतो; विकतच्या मफिनच्या पाकिटावरील मुदत म्हणूनच त्यांना लावता येत नाही.

एका ठिकाणी बुरशी दिसली की तेवढाच तुकडा काढून उरलेला मफिन खाण्याची पद्धत धोक्याची आहे. मफिन सच्छिद्र असल्याने बुरशीचे तंतू दिसणाऱ्या डागाच्या बरेच पलीकडे पसरलेले असतात आणि काही बुरशींची विषे पुन्हा भाजूनही नष्ट होत नाहीत. असा मफिन संपूर्ण टाकून द्यावा लागतो. त्याच डब्यातील त्याला चिकटलेले मफिनही वापरू नयेत आणि डबा गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावा.

थंड करणे

साठवणीतील बहुतेक चुका पहिल्या तासातच घडतात. भट्टीतून काढलेले मफिन साच्यातच राहू दिले, तर तळाशी वाफ कोंडून कागदी वाट्या ओल्या होतात. त्यासाठी पाच-दहा मिनिटांनी मफिन साच्यातून काढून तारेच्या जाळीवर ठेवतात. जाळी नसल्यास पिठाची मोठी चाळणी पालथी घालूनही काम भागते. कोमट मफिन डब्यात भरल्यास वाफ झाकणाला लागून तिचे थेंब पुन्हा मफिनवर पडतात आणि बुरशीला हवी असलेली ओल तयार होते. लहान मफिन आतपर्यंत थंड होण्यास साधारण एक तास, तर मोठे मफिन थंड होण्यास त्याहून अधिक वेळ लागतो. त्याउलट, रात्रभर उघडे ठेवणे हीही चूकच होय.

सामान्य तापमानाला साठवण

पूर्ण थंड झालेले मफिन घट्ट झाकणाच्या डब्यात एकाच थरात ठेवतात. तळाशी आणि वर टिश्यू पेपर किंवा कोरडे सुती कापड घातल्यास ते जादा ओल शोषून घेते व माथे चिकट होत नाहीत; ओलसर झालेला कागद रोज बदलावा लागतो. एकावर एक थर रचल्यास खालच्या मफिनांचे माथे दबतात. डबा शेगडी, खिडकीतील ऊन आणि फ्रिजच्या गरम होणाऱ्या मागील बाजूपासून दूर ठेवणे योग्य ठरते.

फ्रिज

साध्या मफिनांना फ्रिजची गरज नसते. तेथे स्टार्च कडक होतो, लोणी गोठल्याने गर आणखी घट्ट लागतो, आणि झाकण सैल असल्यास फोडणी, कांदा यांचे वासही मफिनमध्ये उतरतात. अपवाद आहे तो नाशवंत घटकांचा. मफिनमध्ये किंवा त्यावर साय, चक्का, क्रीम, चीज, कस्टर्ड, पनीर किंवा मांस असल्यास सुरक्षिततेला मऊपणाहून अग्रक्रम द्यावा लागतो. असे पदार्थ सामान्य तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक आणि हवा ३२° सेल्सियसहून उष्ण असल्यास एका तासापेक्षा अधिक काळ बाहेर ठेवू नयेत. खाण्यापूर्वी काही मिनिटे बाहेर ठेवल्यास किंवा, वर क्रीम नसल्यास, किंचित गरम केल्यास त्यांचा कडकपणा कमी होतो.

फ्रीझर

-१८° सेल्सियसला पाण्याचे व स्टार्चच्या रेणूंचे चलनवलन जवळजवळ थांबते. त्यामुळे शिळेपणा आणि बुरशी या दोहोंनाही एकाच वेळी आळा बसतो. दोन-तीन दिवसांत संपणार नाहीत असे मफिन, शक्यतो भाजलेल्याच दिवशी, फ्रीझरमध्ये टाकणे हा सर्वांत विश्वसनीय उपाय आहे. शिळे झाल्यावर गोठवलेले मफिन शिळ्याच स्थितीत बाहेर येतात.

प्रत्येक मफिन प्लास्टिकच्या पातळ आवरणात किंवा अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून, मग सगळे जाड पिशवीत भरून हवा दाबून काढतात आणि पिशवीवर तारीख लिहितात. आवरण सैल राहिल्यास पृष्ठभागावरील बर्फाची थेट वाफ होऊन तो भाग कोरडा, पांढुरका होतो. बाहेर काढल्यावर मफिन आवरणातच वितळू द्यावेत, म्हणजे हवेतील बाष्प मफिनवर न साचता आवरणाच्या बाहेर साचते. यास साधारण एक ते दोन तास लागतात. वरून साखरेचा लेप द्यायचा असल्यास तो मफिन वितळल्यानंतर देणे चांगले.

पुन्हा गरम करणे

बुसिंगोच्या प्रयोगाचा स्वयंपाकघरातील उपयोग येथे होतो. सुमारे १५०° सेल्सियसच्या भट्टीत आठ-दहा मिनिटे ठेवलेल्या मफिनचा गर मऊ होतो आणि कवचही पुन्हा कोरडे होते. मायक्रोवेव्हमध्ये पंधरा-वीस सेकंद पुरतात. मात्र कवच ओलेच राहते आणि वेळ थोडा जरी वाढला तरी मफिन थंड होताना चिवट होतो. हा परिणाम तात्पुरता असून थंड झाल्यावर स्फटिकीकरण पुन्हा सुरू होते. म्हणून खायचे तेवढेच मफिन गरम करतात.

घटकांचा प्रभाव

साखर, मध आणि गूळ पाणी धरून ठेवतात. साखर अतिशय कमी केलेले मफिन दुसऱ्याच दिवशी कोरडे पडतात. तेल सामान्य तापमानाला द्रव राहत असल्याने तेलाचे मफिन लोण्याच्या मफिनांपेक्षा अधिक काळ मऊ लागतात, चवीत मात्र लोणी सरस ठरते. केळे, गाजर किंवा सफरचंद घातलेले मफिन ओलसर राहतात, पण त्यांना बुरशीही लवकर धरते. मराठी घरांत अलीकडे केले जाणारे नाचणीचे किंवा तांदळाच्या पिठाचे ग्लूटेनविरहित मफिन लवकर भुसभुशीत होतात. ते त्याच दिवशी खाणे किंवा गोठवणे इष्ट. अक्रोड, शेंगदाणे यांतील तेल दीर्घ साठवणीत खवट होऊ शकते.

हवामान

पाश्चात्त्य पाककृतींत दिलेली मुदत बहुधा सुमारे २०° सेल्सियसच्या थंड स्वयंपाकघराला अनुसरून असते. कोकण, मुंबई आणि गोव्यात पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांहून अधिक राहते. तेथे फळांचे मफिन एका दिवसापेक्षा अधिक बाहेर न ठेवणे श्रेयस्कर. विदर्भात उन्हाळ्यात अडचण उलटी असते. कोरड्या हवेत बुरशीआधी मफिन वाळतो, तर ४०° सेल्सियसपुढच्या उष्णतेत लोणी वितळून कागदी वाटी तेलकट होते. खवा घालून केलेल्या मावा केकसारख्या पदार्थांना या दोन्ही हवामानांत साध्या मफिनची मुदत लागू होत नाही, कारण खवा स्वतःच नाशवंत आहे.