अर्जातला 'तो'

पन्नाशी उलटल्यावर मी पोर्तुगीज शिकायला बसलो, ते हौसेने नव्हे. आजोबांच्या पेटीत कागदांचा एक गठ्ठा होता. त्यातली मराठी पत्रे घरात सगळ्यांनी वाचलेली, पण पोर्तुगीज कागद कोणाला लागेनात. वडील होते तोवर अडखळत का होईना, सांगायचे. ते गेले आणि आमच्या घरातली पोर्तुगीज संपली. त्या गठ्ठ्यात १९४८ सालचा एक अर्ज होता, सरकारी शिक्क्याच्या कागदावर, 'पापेल सेलाद'वर लिहिलेला. तो स्वतः वाचायचा, एवढाच माझा हट्ट.

पणजीला एका वयस्क बाईंकडे शिकवणी लावली. पहिल्या दिवशी सर्वनामे. 'एउ' म्हणजे मी, 'तु' म्हणजे तू, 'एलि' म्हणजे तो, 'एला' म्हणजे ती, 'नोश' म्हणजे आम्ही. हे तर सोपे आहे, असे वाटले. 'तु' तर आपल्या घरचेच! त्याच उत्साहात मी बाईंनाच 'तु' म्हणून प्रश्न विचारला. त्या दचकल्या आणि मग कोंकणीत म्हणाल्या, "म्हाका 'तु' म्हणचें न्हय!"

मग काय म्हणायचे? माझ्या पुस्तकात 'व्होसे' होते. बाईंनी नाक मुरडले. ब्राझीलमध्ये ते सर्रास चालते. पण पोर्तुगालमध्ये वडीलधाऱ्यांना 'व्होसे' म्हटले तर पुष्कळांना खटकते. तिथे 'उ सिन्योर', 'आ सिन्योरा' म्हणायचे. आणि क्रियापद? तृतीय पुरुषी! म्हणजे बाई समोर बसलेल्या असताना विचारायचे, 'सिन्योरा कशी आहे?' जणू काही शेजारच्या खोलीतल्या बाईची चौकशी चालली आहे.

या विचित्र व्याकरणामागे इतिहास आहे. 'व्होसे' हे मूळचे सर्वनामच नव्हे. ते 'व्हॉसा मेर्से' या दोन शब्दांचे झिजलेले रूप. 'मेर्से' म्हणजे कृपा, मेहेरबानी. चौदाव्या शतकात पोर्तुगालच्या राजाला 'आपली कृपा' असे संबोधू लागले. थेट राजाशी बोलायचे नाही, त्याच्या कृपेशी बोलायचे. म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. पुढे राजाला याहून मोठी संबोधने मिळाली आणि 'मेर्से' खाली उतरली. आधी सरदारांकडे, मग बऱ्या घरच्या माणसांकडे, मग कोणाकडेही. उतरता उतरता शब्दही झिजला: 'व्होसेमेसे' आणि शेवटी 'व्होसे'. कोणाला काय म्हणावे याचा गोंधळ एवढा वाढला, की १५९७ साली राजा फिलिपने त्यासाठी कायदाच केला. कोणाला महाराज, कोणाला एक्सेलेन्सी, कोणाला सिन्योरिया म्हणायचे, हे त्यात ठरवून दिले. स्पेनच्या गादीवरचा हा राजा तेव्हा पोर्तुगालचाही राजा होता आणि म्हणून गोव्याचाही.

शिकण्याची ही वाट एकेरी नव्हती, हेही सांगितले पाहिजे. फादर स्टीफन्स यांनी आपल्या बोलीचे व्याकरण पोर्तुगीजमध्ये लिहिले. त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, ते रायतूरला छापले गेले. मराठीचेही एक पोर्तुगीज व्याकरण १७७८ साली रोमला छापले गेले. मिशनऱ्यांनी आपले मी-तू-तो गिरवले ते धर्म सांगण्यासाठी. आमच्या माणसांनी त्यांचे गिरवले ते बहुतेक वेळा अर्ज करण्यासाठी.

तर तो अर्ज. सहा महिन्यांनी मी तो उघडला. गावच्या देवळाच्या जत्रेत मराठी नाटक करण्याची परवानगी आजोबांनी आदमिनिस्त्रादोराकडे मागितली होती. सालाझारच्या राजवटीत सेन्सॉर किती कडक होता, हे आपल्याकडच्या जुन्या लोकांना सांगायला नको. लग्नपत्रिकासुद्धा त्याच्या नजरेखालून जावी लागे. नाटकाची संहिता तर तपासली जाणारच.

मी 'एउ' शोधू लागलो. पूर्ण अर्जात एकही 'एउ' नाही! आजोबांचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा, गाव आणि त्यानंतर सगळीकडे 'उ सुप्लिकांत', म्हणजे अर्जदार. अर्जदार असे सांगतो, अर्जदार अशी विनंती करतो. खाली तीन आद्याक्षरे: 'ई रेसेबेरा मेर्से', 'आणि त्याला कृपा लाभेल'. तीच ही 'मेर्से'. राजापासून निघून व्होसेपर्यंत झिजलेली, पण अर्जाच्या तळाशी पूर्ण वजनाने बसलेली.

मधल्या एका ओळीवर मी अडलो. नाटक 'सुआ' गावात करायचे आहे, असे लिहिले होते. 'सुआ' म्हणजे त्याचा. पण समोरच्याला तृतीय पुरुषात बोलायचे, म्हणून 'सुआ' म्हणजे आपलाही! शब्द एकच. मी भाषांतर केले, 'आपल्या गावात', म्हणजे साहेबांच्या गावात. वाचून मला राग आला. आजोबांनी आमचा गाव साहेबाला देऊन टाकला?

बाईंनी चूक दाखवली. साहेबाचे काही असते तर अर्जात 'व्हॉसा एक्सेलेन्सिया'चे, असे स्पष्ट लिहिले असते. इथे 'सुआ' म्हणजे अर्जदाराचाच. त्याचा स्वतःचा गाव. मला हायसे वाटले. पण वाटले, नवशिक्याला जी शंका आली, तीच शंका पुढे १३ वर्षे, १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, या भूमीवर होती. गाव त्याचा की आपला? साहेबाचा की अर्जदाराचा?

घरी येऊन आजोबांची मराठी पत्रे पुन्हा काढली. मनात होते की त्यांचा 'मी' तिथे तरी सापडेल. तर त्यांनी आपल्या वडिलांना लिहिलेले पत्र असे: 'तीर्थरूप बाबांचे सेवेसी, बालकाचा साष्टांग नमस्कार.' इथेही 'मी' नाही! स्वतःला बालक म्हणायचे आणि वडिलांशी नव्हे, त्यांच्या सेवेशी बोलायचे. पोर्तुगिजांवर तृतीय पुरुषाचे खापर फोडायला निघालेला मी, गप्प बसलो. मान देण्याची रीत आपलीही तीच. फरक एवढाच, की बापापुढे बालक होणे आजोबांनी स्वतः पत्करले होते. शिक्क्याच्या कागदावर सुप्लिकांत व्हायला मात्र पैसे मोजावे लागले.

अर्जाच्या समासात तिरप्या अक्षरांत एकच शब्द आहे, 'देफेरिदु'. मंजूर.

नाटक झाले. पेटीतच त्या वर्षीची खर्चाची वही आहे. पडद्याचे भाडे, पेट्रोमॅक्सचे भाडे, मंडळींचा चहा, आणि सगळ्यात वर पापेल सेलादचे पैसे. पहिल्या पानावर आजोबांनी स्वतःच्या हाताने मथळा लिहिला आहे: 'आमच्या गावच्या नाटकाचा हिशोब'.