कूतचा वेढा
कूतचा वेढा (७ डिसेंबर, १९१५ ते २९ एप्रिल, १९१६) ही पहिल्या महायुद्धाच्या मेसोपोटेमिया आघाडीवरील एक प्रमुख घटना आहे. सध्याच्या इराकमधील कूत या गावी ब्रिटिश भारतीय सैन्याची ६ वी (पुणे) डिव्हिजन ओस्मानी सैन्याच्या वेढ्यात सापडली व सुमारे पाच महिन्यांनंतर तिने शरणागती पत्करली. सुमारे १३,००० सैनिक व अनुचर कैद झाले. त्यांपैकी बहुसंख्य भारतीय होते. या मोहिमेत रणांगणाबरोबरच उपासमार, रोगराई आणि कैद यांमुळेही मोठी मनुष्यहानी झाली. तिच्या मुळाशी अपुऱ्या रसदीवर वाढवत नेलेले युद्धोद्दिष्ट होते, असे नंतरच्या अधिकृत चौकशीत दिसून आले.

पार्श्वभूमी
नोव्हेंबर १९१४ मध्ये ओस्मानी साम्राज्य जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले. इराणच्या आखाताच्या वरच्या टोकाजवळ असलेल्या आबादान येथे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश नौदल कोळशाऐवजी तेलावर चालणाऱ्या युद्धनौकांकडे वळत होते आणि ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी या कंपनीचे बहुसंख्य भाग विकत घेतले होते. तेलाचे व आखातातील हितसंबंधांचे रक्षण हा मोहिमेचा मूळ हेतू होता. पुणे डिव्हिजनच्या पहिल्या तुकड्या ६ नोव्हेंबर रोजी फाव येथे उतरल्या आणि त्याच महिन्यात बसरा शहर ताब्यात आले.

येथे मूळ उद्दिष्ट बहुतांशी साध्य झाले होते. तथापि प्रत्येक विजयानंतर पुढचे ठाणे घेण्याची आवश्यकता मांडली जाऊ लागली. एप्रिल १९१५ मध्ये शैबा येथे ओस्मानी प्रतिहल्ला परतवण्यात आला, जूनमध्ये अमारा व सप्टेंबरअखेर कूत पडले. गॅलिपोली येथील मोहीम फसत असल्यामुळे पूर्वेकडील प्रजेत ब्रिटिशांची प्रतिष्ठा राखण्यासाठी बगदादचा विजय हवा, असा विचार लंडन व सिमला येथे प्रबळ झाला. सेनापती जॉन निक्सन यांनी त्याचा पुरस्कार केला. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल चार्ल्स टाउनशेंड यांना मात्र सैन्यबळाच्या पुरेसेपणाविषयी शंका होती.

या प्रदेशात चांगले रस्ते वा लोहमार्ग नव्हते. बसऱ्यापासून अन्न, दारूगोळा व औषधे टायग्रिस नदीतून आगबोटींनी न्यावी लागत आणि उथळ पाण्यात चालणाऱ्या अशा बोटी गरजेपेक्षा फार कमी होत्या. सैन्य जितके पुढे जाई, तितकी ही उणीव तीव्र होत असे.

टेसिफोनची लढाई आणि माघार
२२ ते २५ नोव्हेंबर, १९१५ दरम्यान बगदादच्या दक्षिणेस टेसिफोन येथे लढाई झाली. तीत ब्रिटिश भारतीय फौजेचे सुमारे ४,६०० सैनिक मृत वा जखमी झाले. जखमींना स्प्रिंग नसलेल्या गाड्यांतून नदीपर्यंत आणि तेथून खचाखच भरलेल्या बोटींतून बसऱ्यापर्यंत नेण्यात आले. अनेकांच्या जखमांची वाटेत पुरेशी मलमपट्टीही झाली नाही. उरलेली डिव्हिजन ३ डिसेंबर रोजी कूतला परतली. टायग्रिसच्या वळणात वसलेल्या या गावाला तिन्ही बाजूंनी नदी असल्याने ओस्मानी सैन्याने थोड्याच दिवसांत त्याची पूर्ण नाकेबंदी केली.

वेढ्यातील जीवन
वेढ्यात सुमारे १०,००० लढाऊ सैनिक, सुमारे ३,५०० अनुचर आणि गावातील जवळपास ६,००० अरब रहिवासी होते. अनुचरांमध्ये भिस्ती, स्वयंपाकी, खेचरवाले व डोलीवाले यांचा समावेश होता.

अन्नसाठा महिना-दोन महिने पुरेल, असे टाउनशेंड यांनी सुरुवातीला कळवले. त्यामुळे सुटकेसाठी येणाऱ्या फौजेला पूर्ण तयारी होण्यापूर्वीच हल्ले करावे लागले. जानेवारीच्या अखेरीस घरोघर झडती घेतल्यावर धान्याचा बराच मोठा साठा हाती लागला. ही मोजणी आधी झाली असती, तर मदतीच्या फौजेला तयारीस वेळ मिळाला असता, अशी टीका इतिहासकारांनी केली आहे.

शिधा क्रमाक्रमाने घटवण्यात आला. घोडे व खेचरे मारून त्यांचे मांस वाटले जाऊ लागले. परंतु बहुतेक भारतीय सैनिकांनी धार्मिक कारणांमुळे ते नाकारले. भारतातील धर्मगुरूंकडून अनुमती मागवूनही एप्रिलपर्यंत अनेकांनी ते स्वीकारले नाही. आहारातील या फरकाचे परिणाम आजारांत दिसले. मांस व ताज्या भाज्या न मिळाल्याने भारतीय सैनिकांत स्कर्व्ही पसरला, तर सपिठाच्या पावावर राहिलेल्या ब्रिटिश सैनिकांत बेरीबेरीचे प्रमाण अधिक होते. अखेरच्या आठवड्यांत विमानांतून धान्य टाकण्यात आले, पण ते गरजेच्या मानाने अत्यल्प होते. वेढ्याच्या काळात सुमारे १,७०० सैनिक गोळीबार, जखमा व रोग यांमुळे मरण पावले.

सुटकेचे प्रयत्न
जानेवारी ते एप्रिल १९१६ दरम्यान फेन्टन आयल्मर व नंतर जॉर्ज गॉरिंज यांच्या नेतृत्वाखाली वेढा फोडण्याचे प्रयत्न झाले. शेख साद, वादी, हन्ना, दुजैला व सन्नयात येथील लढायांत नदीचा पूर, चिखल व तोफखान्याची कमतरता यांमुळे यश आले नाही. कूतमधील सुमारे १३,००० जणांना सोडवण्याच्या प्रयत्नात सुमारे २३,००० सैनिक मृत वा जखमी झाले. एप्रिलच्या अखेरीस अन्न घेऊन निघालेली 'जुल्नार' ही आगबोट ओस्मानी सैन्याच्या हाती पडली.

शरणागती आणि कैद
टी.ई. लॉरेन्स व ऑब्री हर्बर्ट या अधिकाऱ्यांमार्फत सैन्याच्या मुक्ततेसाठी मोठी रक्कम देऊ करण्यात आली, पण ओस्मानी सरकारने ती नाकारली. २९ एप्रिल रोजी टाउनशेंड यांनी खलील पाशा यांच्यापुढे शरणागती पत्करली. गंभीर आजारी व जखमी असलेल्या काहींची अदलाबदल झाली. ब्रिटिशांना साहाय्य केल्याच्या आरोपावरून गावातील काही रहिवाशांना फाशी देण्यात आले.

अधिकाऱ्यांना सामान्य सैनिकांपासून वेगळे करण्यात आले. टाउनशेंड यांचा कैदेचा काळ इस्तंबूलजवळील बेटावर सुखसोयींत गेला. उपासमारीने खंगलेल्या सैनिकांना मात्र मोसुलमार्गे रास अल-ऐनकडे वाळवंटातून पायी चालवण्यात आले. वाटेत अनेकजण उष्मा, आमांश व मारहाण यांमुळे दगावले. वाचलेल्यांना बगदाद लोहमार्गाच्या कामावर जुंपण्यात आले. चार हजारांहून अधिक युद्धकैदी कैदेत मरण पावले. बंगाल ॲम्ब्युलन्स कोअरमधील शिशिर सर्वाधिकारी यांनी 'अभि ले बगदाद' या बंगाली पुस्तकात या अनुभवाची नोंद केली आहे. सामान्य भारतीय कैद्याने लिहिलेल्या मोजक्या वृत्तांतांपैकी ते एक आहे.

चौकशी आणि राजकीय परिणाम
ब्रिटिश संसदेने नेमलेल्या मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहतूक व वैद्यकीय व्यवस्थेची हेळसांड आणि पुरेशा साधनांशिवाय बगदादकडे कूच करण्याचा निर्णय यांवर त्यात कठोर ठपका ठेवण्यात आला. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी आलेल्या एडविन मॉंटेग्यू यांनी २० ऑगस्ट, १९१७ रोजी भारताला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देण्याची घोषणा केली. तत्पूर्वी मार्च १९१७ मध्ये ब्रिटिश भारतीय सैन्याने बगदाद घेतले होते.

मराठा पलटणी
पुणे डिव्हिजनमध्ये १०३ वी व ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७ वी मराठा या तीन पलटणी होत्या. तिन्ही पलटणी वेढ्यात सापडल्या. १९२२ च्या पुनर्रचनेत त्या इतर मराठा पलटणींसह एका रेजिमेंटमध्ये समाविष्ट झाल्या. तीच आजची मराठा लाइट इन्फन्ट्री होय.

स्मारके
कूत येथे युद्धकालीन दफनभूमी आहे. मेसोपोटेमियात मरण पावलेल्या व ज्यांच्या कबरी ज्ञात नाहीत अशा ४०,००० हून अधिक जणांचे स्मारक बसरा येथे उभारण्यात आले. १९९७ मध्ये ते शहराबाहेर हलवण्यात आले. या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची व भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. सामान्य भारतीय शिपायांची मात्र नावे न देता पलटणीच्या नावाखाली केवळ मृतांची संख्या नोंदवण्यात आली.