नावाचे वतन की भाडेपट्टा?

‘मी माझ्या नावाचे डोमेन विकत घेतले’ हे वाक्य आता वास्तुरचनाकार, वकील, भाषांतरकार, आहारतज्ज्ञ अशा कोणाच्याही तोंडी ऐकू येते. स्वतःच्या व्यवसायाचे संकेतस्थळ काढायचे तर आधी त्याला नाव हवे. ते बहुधा स्वतःचेच असावे, अशी इच्छा असते. या वाक्यातले ‘विकत घेतले’ हे क्रियापद मात्र तपासून पाहावे लागते. डोमेन कोणी कायमचे विकत नाही आणि कोणाला कायमचे विकत मिळत नाही. वर्षाची रक्कम भरायची आणि तेवढा काळ ते नाव आपल्याकडे. डॉट कॉमच्या बाबतीत एका वेळी फार तर दहा वर्षांची मुदत मिळते. आपल्याच नावाचे आपण भाडेकरू कसे झालो, हा या लेखाचा विषय आहे.

आडनावांच्या इतिहासाचे कागद वाचण्याचा मला नाद आहे, त्यामुळे या प्रश्नाकडे मी वतनांच्या बाजूने पाहतो. पाटील आणि कुलकर्णी ही गावची वतने, देशमुखी आणि देशपांडेपण ही परगण्याची. आज आपण ज्यांना आडनावे म्हणतो ती मुळात हक्कांची नावे होती. एकाच वतनावर दोघांनी हक्क सांगितला की गोतसभा बसे, साक्षी होत, निवाड्याचा महजर लिहिला जाई. मराठेशाहीच्या दप्तरांत अशा तंट्यांचे कागद विपुल आहेत. वतन वंशपरंपरा चाले आणि त्याबरोबर नावही चाले. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतने खालसा झाली, पण आडनावे कोणी खालसा केली नाहीत. हक्क गेला तरी नाव घरात राहिले. डोमेनच्या बाबतीत नेमके उलटे घडते. हप्ता चुकला की नाव जाते आणि दुसरा कोणी ते उचलतो.

इंटरनेटच्या पूर्वावतारात, म्हणजे अमेरिकेच्या अर्पानेटमध्ये, नावांचे दप्तर एकच होते. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या कार्यालयात एक साधी मजकुराची फाइल ठेवलेली असे. जाळ्यातल्या प्रत्येक संगणकाचे नाव आणि त्याचा आकडी पत्ता त्या फाइलमध्ये लिहिलेला असे, आणि बाकीचे सगळे संगणक तिची नक्कल उतरवून घेत. यंत्रे वाढली तशी ही एका टेबलावरची चोपडी पुरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी दप्तर वाटून देण्याची पद्धत आखली. ज्याची शाखा, तिची नोंद त्याने ठेवायची, आणि वरच्या पातळीने फक्त खालच्या दप्तराचा पत्ता सांगायचा. गावचे कागद कुलकर्ण्याकडे आणि परगण्याचे देशपांड्याकडे, अशी ही विभागणी म्हणता येईल.

ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी वरच्या पातळीच्या शाखा कागदावर मांडल्या. व्यापारासाठी कॉम, शिक्षणासाठी एज्यु, सरकारसाठी गव्ह, सैन्यासाठी मिल, इतर संस्थांसाठी ऑर्ग, शिवाय प्रत्येक देशासाठी दोन अक्षरे. या यादीत व्यक्तीला जागा नाही. कंपनी, विद्यापीठ, खाते, पलटण या सगळ्यांचा विचार झाला, पण दवाखाना चालवणाऱ्या एकट्या डॉक्टरचा किंवा घरी बसून भाषांतरे करणाऱ्या बाईंचा विचार करण्याचे त्या वेळी कारणच नव्हते. पहिले डॉट कॉम नाव १५ मार्च १९८५ रोजी नोंदले गेले, तेही सिम्बॉलिक्स या संगणक बनवणाऱ्या कंपनीचे. आज व्यक्ती आपले नाव डॉट कॉमखाली नोंदवते तेव्हा ती व्यापाऱ्यांच्या आळीत बिऱ्हाड थाटत असते.

दुसरी अडचण अक्षरांची. संगणकाच्या नावात रोमन लिपीतली सव्वीस अक्षरे, दहा अंक आणि एक जोडरेघ एवढीच चिन्हे चालत. एकूण सदतीस. अमेरिकेतल्या मोजक्या यंत्रांसाठी ती पुरेशी होती, पण मराठी नावांसाठी नाहीत. ल आणि ळ, न आणि ण, त आणि ट यांच्यासाठी एकेकच अक्षर. काळे आणि काले एकाच पत्त्यावर येतात. व लिहायला दोन पर्याय, फ लिहायला दोन पर्याय, त्यामुळे वाघ आणि फडके यांची घरे दोन-दोन. हा गोंधळ इंटरनेटने आणला असे मात्र नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचे इंग्रजी कागदांत ‘सिंदिया’ झाले ते कंपनी सरकारच्या काळात. डोमेनने एवढेच केले की रोमन स्पेलिंग हे पासपोर्टपुरते न ठेवता लोकांनी आपल्याला शोधायचा रस्ता करून टाकले. एक अक्षर चुकले की माणूस दुसऱ्याच्या दारात उभा राहतो.

यात मराठी आडनावांची एक गंमतही आहे. दाते, माने, मोरे, साने, काळे, गोरे ही नावे रोमन लिपीत लिहिली की ती इंग्रजी शब्दकोशात सापडतात. दात्यांची तारीख होते, मान्यांची आयाळ, मोऱ्यांचे ‘अधिक’, सान्यांचा शहाणा, काळ्यांची पालेभाजी आणि गोऱ्यांचे साकळलेले रक्त. नुसत्या आडनावाचे डोमेन मागायला गेलात तर तुमची स्पर्धा भाऊबंदांशी नसते, इंग्रजी भाषेशी असते.

आपल्या देशाची ‘इन’ ही शाखा १९८९ मध्ये सुरू झाली आणि अनेक वर्षे तिचे दप्तर मुंबईत होते. जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे हे काम होते. नियम कडक असल्यामुळे तिथे नोंदलेली नावे काही हजारांच्या पुढे गेली नाहीत. २००५ च्या आरंभी ‘निक्सी’ या संस्थेच्या देखरेखीखाली ही शाखा सर्वांना खुली झाली. आज एखादी नाशिकची वास्तुरचनाकार पाच मिनिटांत ‘डॉट इन’ नाव घेऊ शकते, ती या बदलामुळे.

भाड्याची सुरुवात मात्र अमेरिकेत झाली. सप्टेंबर १९९५ पर्यंत डॉट कॉमची नोंदणी फुकट होती. मग वर्षाला पन्नास डॉलर आकारणी सुरू झाली. नावाला किंमत आली तसे नावांचे तंटेही आले. आधी येईल त्याला नाव, हा मूळ नियम. त्यावर उपाय म्हणून १९९९ मध्ये आयकॅन या संस्थेने तंटे सोडवण्याचे एकसमान धोरण स्वीकारले. या निवाड्यांना मी आधुनिक महजर म्हणतो, फक्त इथे पुरावा वंशावळीचा नसून व्यापारचिन्हाचा लागतो.

व्यक्तिनामांपुरते तीन निवाडे पाहू. २००० मध्ये अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स यांना त्यांच्या नावाचे डॉट कॉम परत मिळाले. ज्याने ते नोंदले होते त्याने ते लिलावालाही काढले होते. त्याच वर्षी ‘स्टिंग’ या नावाने गाणाऱ्या गायकाला मात्र नकार मिळाला, कारण तो इंग्रजीतला एक सामान्य शब्द आहे. पुढल्या वर्षी ब्रूस स्प्रिंगस्टीनही हरले. म्हणजे नुसते नाव तुमचे असून भागत नाही. त्या नावाची बाजारात ओळख हवी आणि समोरच्याची नियत खोटी ठरायला हवी. सामान्य व्यावसायिकाला पहिलीच अट पुरी करणे कठीण जाते.

याहून बोलका खटला उझी निसान यांचा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी १९८० मध्ये स्वतःच्या आडनावाने मोटारदुरुस्तीचा धंदा काढला. त्या वेळी जपानी कंपनीच्या गाड्या अमेरिकेत ‘डॅटसन’ नावाने विकल्या जात होत्या. पुढे ते संगणकाच्या व्यवसायात आले आणि १९९४ मध्ये त्यांनी आडनावाचे डॉट कॉम घेतले. १९९९ मध्ये मोटार कंपनीने दावा लावला. खटला वर्षानुवर्षे चालला. नाव अखेर उझी निसान यांच्याकडेच राहिले, पण वडिलांचे आडनाव वापरण्याचा हक्क शाबीत करण्यात त्यांच्या आयुष्याची कितीतरी वर्षे गेली.

आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ‘रेडिफ’ आणि ‘रॅडिफ’ या एका अक्षराच्या फरकाच्या वादात रेडिफच्या बाजूने कौल दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये ‘सिफी’ नावाच्या खटल्यात डोमेनला व्यापारी नावासारखे संरक्षण मिळू शकते असे ठरवले. आणि २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटली यांना त्यांच्या नावाचे डोमेन मिळवून दिले. मात्र जेटली स्वतः नामांकित वकील आणि देशभर ओळखले जाणारे नेते होते. गावोगावच्या सगळ्या देशपांड्यांना ही वाट खुली आहे असे समजण्यात अर्थ नाही.

व्यक्तीसाठी वेगळी आळी वसवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आयकॅनने २००० मध्ये मंजूर केलेल्या सात नव्या शाखांत ‘नेम’ आणि ‘प्रो’ या दोन होत्या. ‘नेम’मध्ये आरंभी नाव, बिंदू, आडनाव अशीच रचना होती, म्हणजे एका आडनावाखाली अनेकजण गुण्यागोविंदाने राहू शकत. मला ही रचना सर्वांत न्याय्य वाटते, कारण तीत आडनाव कोणा एकाचे होत नाही. ‘प्रो’साठी आरंभी डॉक्टर, वकील, हिशेबतपासनीस अशांना आपली सनद दाखवावी लागे. ही अट सैल होत होत २०१५ मध्ये संपली. दोन्ही शाखा आजही आहेत, पण लोकांच्या बोटांना सवय लागली ती डॉट कॉमचीच.

उरला लिपीचा प्रश्न. २७ ऑगस्ट २०१४ रोजी देवनागरीतली ‘डॉट भारत’ ही शाखा सुरू झाली आणि मराठी, हिंदी, कोकणी, नेपाळी अशा भाषांतली नावे देवनागरीतच नोंदवता येऊ लागली. ळ आणि ण यांना प्रथमच स्वतःचे दार मिळाले. आतली व्यवस्था मात्र जुनीच आहे. देवनागरी नावाचे आधी ठरावीक रीतीने रोमन अक्षरांत रूपांतर होते आणि तेच दप्तरात जाते. शिवाय अनेक ठिकाणचे अर्ज देवनागरी ई-मेल पत्ता स्वीकारत नाहीत. आणि ‘पाटील’ दीर्घ की हिंदीप्रमाणे ऱ्हस्व, हा वाद देवनागरीतही उरतोच. तरीही व्यवसायाचे गिऱ्हाईक मराठी असेल तर रोमन नावाच्या जोडीला देवनागरी नाव घ्यावे, असे माझे मत आहे.

या इतिहासातून मला व्यवहाराच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, नोंद कोणाच्या नावे आहे. माझ्या परिचयातल्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या नावाचे डोमेन संकेतस्थळ बनवणाऱ्याने स्वतःच्या नावावर नोंदवले होते. तो गाव सोडून गेला तेव्हा बाईंचे नाव त्याच्याबरोबर गेले. वतनाच्या कागदावर आपले नाव आहे की नाही हे आपले पूर्वज डोळ्यांत तेल घालून पाहत. नोंदणीचा कागद तसाच पाहायला हवा.

दुसरी गोष्ट स्त्रियांची आहे, म्हणून अधिक नाजूक. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव बदलते, काही घरांत पहिले नावही बदलते. वीस वर्षांची कामे, लेख, रुग्णांची ओळख ज्या पत्त्यावर जमा झाली तो पत्ता अशा वेळी सोडायचा का? ज्या नावाने पहिले काम केले, त्याच नावाचे डोमेन घ्यावे आणि घरातले नाव काहीही झाले तरी दर वर्षी त्याचे भाडे स्वतःच्या खात्यातून भरत राहावे. वतनाच्या कागदावर लेकीसुनांची नावे क्वचितच चढली. या नव्या दप्तरात ते नाव चढवायला कोणाची साक्ष लागत नाही, फक्त मुदत संपण्याची तारीख लक्षात ठेवावी लागते.